तीन ठिपक्यांचे मिस्तरी

मिस्तरी रस्त्याने चालताना डोळे मिटून चालत. अगदी पूर्ण मिटून नाही, पायापुरती जमीन दिसेल एवढी फट पापणीखाली ठेवून. त्यावर निळ्या काचांचा चष्मा, चष्म्यापर्यंत ओढलेली टोपी आणि टोपीवर छत्री. पौष महिन्यातसुद्धा छत्री. नंदुरबारात नवा आलेला माणूस त्यांना पाहून हसायचा आणि जुना माणूस मुकाट्याने बाजूला व्हायचा, कारण समोरून बैलगाडी आली तरी मिस्तरी मान वर करत नसत. कुणी फारच खोदून विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "मन्हा डोया कामना शेतस. उनले फुकट कसाले देऊ?" म्हणजे डोळे कामासाठी आहेत, ते उन्हाला फुकट कशाला द्यायचे.

मीही हसणाऱ्यांपैकीच होतो. तेवीस वर्षांचा, सुरतेला दोन वर्षं राहून मशीनचं शिक्षण घेऊन आलेला आणि कोरीटच्या आमच्या भाऊबंदांत नांगर सोडून नोकरीला लागलेला पहिला. त्यात जीभ भलती चालू. मला वाटायचं, हा सगळा प्रकार म्हाताऱ्याने स्वतःचा भाव वाढवायला काढलेला आहे. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमचं गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं.

कारखाना म्हणजे जिनिंगची जुनी शेड. सेठ मूळचे कापसाचे व्यापारी. खानदेशात ट्रक वाढायला लागले आणि आमच्या रस्त्यांवर कमानी पटापट तुटायला लागल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आता कापसापेक्षा लोखंडाकडे पाहिलं पाहिजे. आम्ही ट्रकच्या आणि बसच्या कमानी करायचो, म्हणजे चाकावर जे पोलादी पाट्यांचं थप्पीसारखं रचलेलं धनुष्य असतं, ते. सोबत यू-बोल्ट, शॅकलच्या पिना वगैरे बारीकसारीक माल. पंचवीसेक माणसं कामाला होती. पण खरा कारखाना म्हणजे शेडच्या टोकाची भट्टीची खोली, आणि ती खोली मिस्तरींची.

त्या खोलीला चार खिडक्या होत्या आणि चारही मिस्तरींनी पत्रा ठोकून बंद केलेल्या. फटी राहू नयेत म्हणून डांबर लावलेली पोती वरून मारलेली. दार लावलं की भरदुपारी आत मिट्ट काळोख आणि मध्ये भट्टीचं तोंड. सेठनी मला सुपरवायझर म्हणून नेमलं, त्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोठ्या ऐटीत त्या खोलीत शिरलो. मिस्तरींनी भट्टीकडची नजर न काढता विचारलं, कोण आलंय. मी नाव आणि हुद्दा सांगितला. ते म्हणाले, "घर जाय, हाई धवयं काढीसन ये. आठे माले एकच उजेड लागस." चार कामगारांसमोर माझी पार शोभा झाली. माझ्या पांढऱ्या शर्टावर पडलेला भट्टीचा उजेड परतून त्यांच्या डोळ्यांत जात होता, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण मला तो अपमान वाटला आणि तो मी बरेच दिवस जपून ठेवला.

काम असं चालायचं. पोलादाचा पाटा भट्टीत तापायचा. योग्य वेळी तो सांडशीने ओढून काढायचा, साच्यावर टाकून लाकडी हातोड्यांनी वाकवायचा आणि लाल असतानाच सरकीच्या तेलाच्या टाकीत बुडवायचा. तेल उकळून खोलीभर धूर व्हायचा. मग पुन्हा थोडा ताव देऊन पाटा मऊ करायचा, म्हणजे त्याला लवचिकपणा येतो. वाळकी बाभळीची काडी गरम पाट्यावर घासली आणि तिच्या टोकाला बारीक ठिणगी उठली की मिस्तरी पाटा झाला म्हणत. या सगळ्यात जीव होता तो पाटा भट्टीतून कधी काढायचा यात. कमी तापला तर नरम राहतो, रस्त्यावर बसतो. जास्त तापला तर कडक होतो आणि काचेसारखा फुटतो. हे ठरवायला आमच्याकडे कसलंही यंत्र नव्हतं. होते फक्त मिस्तरींचे डोळे. दिवसभर ते स्टुलावर बसून भट्टीच्या तोंडात पाहायचे आणि अधूनमधून एकच शब्द बोलायचे, "काढ."

पुढे राग जरा ओसरला आणि मी त्यांच्या स्टुलाशेजारी उकिडवा बसायला लागलो. तेव्हा त्यांनी मला रंग शिकवले. लोखंड आधी जांभळासारखं दिसतं, मग पिकल्या बोरासारखं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं, मग पिवळ्या आंब्यासारखं. डाळिंबावर काढायचा. बोरावर नाही, आंब्यावर तर मुळीच नाही. मी महिनाभर नुसता बघत होतो आणि मनातल्या मनात "काढ" म्हणत होतो. सहा महिन्यांनी माझा शब्द आणि त्यांचा शब्द एका वेळी यायला लागला. एकदा मी चुकून मोठ्याने बोललो, तर त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. त्या भाकरीचा मला फार अभिमान वाटला. आता वाटतं, तो अभिमान झाला नसता तर बरं झालं असतं.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. सकाळी पहिला पाटा घालण्याआधी ते काळोखात एक विडी संपायला लागेल तेवढा वेळ विडी ओठांत धरून बसत आणि तीसुद्धा न पेटवलेली, कारण काडीचा उजेड नको. घरात चुलीकडे तोंड करून ते कधी बसले नाहीत. दिवाळीला दिवे-फटाके डोळ्यांवर नकोत म्हणून मागच्या खोलीत लपायचे. सेठच्या मुलीच्या लग्नात फोटोवाल्याचा दिवा चमकला, तसे मिस्तरी भरल्या ताटावरून उठले आणि दोन दिवस कामावर आले नाहीत. सेठनी निरोप पाठवला, तर उत्तर आलं की डोळ्यांत अजून ठिपका आहे, तो गेला की येतो. सेठनी कपाळाला हात लावला पण चढ्या आवाजात बोलले नाहीत, कारण साक्री-शहाद्यापासून बडोद्याच्या रस्त्यापर्यंत ट्रकवाले आमच्या कारखान्याचं नाव विचारत नसत. ते पाटा उलटा करून तीन ठिपके आहेत का पाहत. मिस्तरी आपल्या पसंतीच्या प्रत्येक पाट्यावर स्वतःच्या पंचाने, म्हणजे ठसा उठवायच्या पोलादी खिळ्याने, तीन ठिपके मारायचे. पंच भट्टीच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेला असायचा आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नसे.

हे सगळं खरं, पण त्या खोलीत माणसं कशी काम करत होती तेही सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याचं कौतुकच होईल. बाहेर फाल्गुनाचं ऊन आणि आत भट्टी. वारा यायला जागा नाही. हातमोजे नव्हते, ओली पोतडी हाताला गुंडाळायची. सगळ्यांच्या कोपरांपर्यंत जुन्या-नव्या भाजल्याच्या खुणा. तेलाच्या धुराने माणूस घरी गेल्यावरही खोकत राहायचा. मिठाच्या पाण्याची बादली दिवसात तीनदा भरावी लागे. सांडशीवर रतन नावाचा गडी होता, म्हसावदच्या वरच्या डोंगरातला भिल्ल, अंगाने काटक, कमी बोलणारा. त्याची बायको उसाच्या फडावर कामाला होती आणि दोघं होळीला डोंगरात घरी जायचे, ते वर्षातून एकदाच. एका दुपारी रतन तापलेला पाटा सांडशीत धरून उभा होता तसाच खाली कोसळला. पाटा त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. आम्ही त्याला बाहेर आणून निंबाखाली झोपवलं. बराच वेळ त्याला आमचे चेहरे ओळखता येत नव्हते.

त्या दिवशी माझं डोकं भडकलं. योगायोगाने त्याच आठवड्यात कारखाने तपासणारे साहेब धुळ्याहून आले होते. त्यांनी भट्टीची खोली पाहिली, रुमाल नाकाला लावला आणि खिडक्या उघडा असं लेखी दिलं. सेठ टाळाटाळ करायला लागले. मग मीच पुढे झालो. माणसं मरतील तेव्हा उघडणार का, लोखंड महाग आणि माणूस स्वस्त का, असं बरंच काही मी सेठच्या पेढीवर उभा राहून बोललो. माझी जीभ तेव्हा कुणाच्या बापाला ऐकत नव्हती. खिडक्या उघडणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणतो. माझी चूक वेगळी आहे.

मला वाटलं होतं मिस्तरी आकाशपाताळ एक करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. रतनच्या उशाशी तेही येऊन बसले होते, त्याच्या कपाळावर त्यांनीच ओलं फडकं ठेवलं होतं. पत्रे निघाले तेव्हा ते दाराशी उभे राहिले आणि आम्हाला सगळ्यांना म्हणाले, "खिडक्या उघाडा, माले काय बी म्हननं नही. पन चार दिन भट्टीले कोनी हात लावू नका. उजेडमा लोखंड खोटं बोलस. मन्हा डोयासले पहिले उजेडनी सवय व्हवू द्या." मग छत्री उघडून ते घरी गेले. चार दिवस घरची दारं-खिडक्या उघडी टाकून, चष्मा काढून बसणार होते म्हणे. पंच खिळ्यालाच राहिला.

मी हे वाक्य ऐकलं आणि त्यांच्या इतर शंभर वाक्यांत टाकून दिलं. मला वाटलं रुसले. आणि मनात थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी लोणखेड्याचा एक ट्रकमालक दारात हजर. त्याच्या ट्रकच्या मागच्या दोन्ही कमानी बसल्या होत्या. होळी तोंडावर आलेली, फडावरची आणि गुऱ्हाळांवरची सगळी माणसं डोंगरात घरी जाणार, आणि त्याला म्हसावदहून वर धडगावपर्यंत फेऱ्या मारायच्या होत्या. मिस्तरी चार दिवस नाहीत म्हटल्यावर तो दुसरीकडे जायला निघाला. सेठनी माझ्याकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले की खिडक्या तुझ्या हट्टाने उघडल्या, आता भट्टी बंद ठेवायची का तेही तूच सांग. मी म्हणालो, मला येतं.

आणि मला येतच होतं. माझा शब्द आणि मिस्तरींचा शब्द एका वेळी यायचा ना. मी त्यांच्या स्टुलावर बसलो. खोलीत छान वारा होता, उजेड होता, रतन खुशीत होता. पाटा भट्टीत टाकला आणि मी डाळिंबाची वाट पाहायला लागलो. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मला वाटलं, वाऱ्याने भट्टी थंड पडली असेल. मी भट्टीला वारा घालणारा पंखा वाढवायला सांगितलं. मग डाळिंब दिसलं आणि मी म्हणालो, काढ. असे बावीस पाटे मी त्या दिवशी काढले.

काळोखातलं डाळिंब आणि उजेडातलं डाळिंब एक नसतं, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. दिवसाच्या उजेडात तापलेलं लोखंड मंद दिसतं. उजेडात मला जे डाळिंब वाटत होतं, ते काळोखात आंब्याच्याही पलीकडे गेलेलं होतं. सुरतेच्या पुस्तकात हे असेलही, मी वाचलं नसेल. पण हे मला सांगितलं गेलं होतं, आमच्याच बोलीत, दाराशी उभं राहून.

संध्याकाळी मालक पाटे घ्यायला आला आणि त्याने पहिलाच पाटा उलटा केला. ठिपके नाहीत म्हणाला. त्याशिवाय तो माल नेणार नव्हता. मी आत गेलो, खिळ्याचा पंच काढला आणि वीस पाट्यांवर तीन-तीन ठिपके मारले. दोन जादा होते, ते भिंतीला टेकवून ठेवले.

पाचव्या दिवशी सकाळी मिस्तरी आले. चष्मा नव्हता. उघड्या डोळ्यांनी ते मला अनोळखी वाटले, डोळे लाल आणि पाणावलेले होते. खोलीत शिरताच त्यांना भिंतीजवळचे ते दोन पाटे दिसले. त्यांनी वाकून पाट्यावरच्या खवल्यांवरून बोट फिरवलं. मग एक पाटा ऐरणीवर आडवा टाकला, घण घेतला आणि मारला. एका घावात दोन तुकडे झाले. चांगला पाटा असा तुटत नाही, तो घणाला उलटा उडवतो. मिस्तरींनी तुटलेलं तोंड माझ्यापुढे धरलं. आतमध्ये खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते, जास्त तापल्याची खूण.

"कोनी करं हाई?"

मी म्हणालो, मी.

"ठिपका?"

तेही मीच, म्हणालो. किती गेले आणि कुठे गेले, ते त्यांनी विचारून घेतलं. लोणखेड्याचा ट्रक म्हटल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी होळी होती. रतन त्याच सकाळी पहिल्या बसने म्हसावदला गेला होता आणि तिथून ट्रकने वर जाणार होता.

अंगणात सेठची जीप उभी होती. जीप मागितली असती तर तासा-दीड तासात आम्ही म्हसावदला असतो. पण जीप मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. मी जीपकडे पाहिलं, मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बसने जाऊ. ते नुसतं "चाल" म्हणाले. नोकरी वाचवायला मी चाळीस माणसांच्या जिवाशी दोन तास खेळलो, हे त्या वेळी माझ्या डोक्यात असं सरळ शब्दांत आलं नाही. आता येतं.

त्या बसचा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. होळीची गर्दी, प्रत्येक फाट्यावर हात करणारी माणसं, टपावर चढणारी बोचकी, आणि कंडक्टरला कसलीही घाई नाही. मिस्तरी खिडकीशी बसले होते, उघड्या डोळ्यांवर भर ऊन घेत. समोरून ट्रक आला की ते मान काढून त्याच्या मागच्या चाकांकडे पाहत. शहाद्याला बस तासभर थांबली. पुढे केळीच्या एका गाडीवर बसून आम्ही म्हसावदला पोचलो. वाटेत त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

ट्रक तिथेच होता. स्टँडजवळ, इंजिन चालू, माणसांनी गच्च भरलेला. बाया, पोरं, कोंबड्या, डफ, नवे कपडे. फाळक्याला धरून रतन उभा होता आणि त्याच्या शेजारी त्याची बायको. आम्हाला पाहून रतन हसला. त्याला वाटलं, आम्हीही होळीला निघालो. मिस्तरी सरळ ट्रकपुढे जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, इंजिन बंद कर, माणसं उतरव, मागचे पाटे खराब आहेत.

ड्रायव्हर तिशीतला, शहाद्याकडचा. आधी त्याला गंमत वाटली. मग तो उतरला, मागच्या चाकाशी वाकला आणि त्याने कमानीच्या कडेवरचा चिखल पुसला.

"हाई देख, तीन ठिपका. नंदुरबारना मिस्तरीना हातना पाटा शे. आते माले कोन सांगस, खराब शे म्हनीसन?"

"मीच शे तो मिस्तरी," मिस्तरी म्हणाले.

ड्रायव्हरने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं की खरंच, हाच तो छत्रीवाला. ड्रायव्हर जरा नरमला. पण मग तर त्याला काहीच कळेना. पाटा मिस्तरींचाच आहे तर भीती कसली, असं त्याने विचारलं. त्याचं चुकत नव्हतं. ते ठिपके पाहून लोक डोळे झाकून डोंगर चढत होते. त्या ठिपक्यांपुढे मिस्तरींचा शब्दही लटका पडत होता.

मिस्तरी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सांग."

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. पाटे मी केले, ठिपके मी मारले, यांचा हात त्याला लागलेला नाही. तीन वाक्यं. ट्रकमधली चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, ड्रायव्हरचा हात कमरेवर होता. रतनचं हसू मावळलं होतं. त्या दिवशी स्टुलावर कोण बसलं होतं हे त्याला माहीत होतं आणि आता त्याला सगळं समजलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे लोकांचा मार आला, सेठची पेढी आली, कोरीटच्या ओट्यावर बसलेले माझे वडील आले. पेढीवर भाषण ठोकणारी माझी जीभ टाळूला चिकटली. मिस्तरी थांबले. ड्रायव्हर वैतागून पुन्हा आपल्या जागेवर चढला आणि त्याने गिअर टाकला.

तेव्हा मिस्तरींनी दोन्ही हात ट्रकच्या बॉनेटवर ठेवले.

"मन्हा डोया गयात," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सहा महिना व्हयनात, माले रंगच दिखत नही. पोटनाकरता कोनले सांगं नही. ह्या पाटा मी अंदाजवर करेल शेतस. लोकेसले उतार, भाऊ."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

माणसं उतरली. काही बाया मिस्तरींना त्यांच्या बोलीत बोल लावत होत्या, एक म्हातारा तर त्यांच्या पायाशी थुंकला. मिस्तरी मान खाली घालून उभे होते. जवळच्या गॅरेजात कमानी उतरवल्या. डाव्या कमानीचे पाटे सुटे केले, तर दोन पाट्यांना मधल्या बोल्टाच्या भोकापासून केसाएवढी चीर गेलेली होती. म्हसावदपर्यंतचा सपाट रस्ता झाला होता, घाट अजून लागायचा होता. रतन पुढे आला, त्याने त्या चिरेवर बोट ठेवलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडेल असं मला वाटलं. पण तो मिस्तरींच्या पुढ्यात गेला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, मग बायकोच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि दोघं डोंगराच्या दिशेने पायी निघाली. होळीनंतर रतन कामावर परत आला नाही.

ट्रकवाल्यांची बातमी तारेपेक्षा लवकर पोचते. आठ दिवसांत सगळ्या रस्त्यावर झालं की तीन ठिपक्यांचा मिस्तरी आंधळा झाला. सेठनी दोघांना पेढीवर बोलावलं. नजर कधी गेली, असं त्यांनी मिस्तरींना विचारलं. ते म्हणाले, सहा महिने झाले. मग सेठ माझ्याकडे वळले. तू रोज त्यांच्याजवळ बसायचास, तुला कधी संशय आला नाही का, असं त्यांनी विचारलं. म्हसावदला मी गप्प राहिलो होतो. इथे मी बोललो. मी म्हणालो, "नाही."

सेठ वाईट माणूस नव्हते. मिस्तरींना त्यांनी मानाने निरोप द्यायचं ठरवलं, फक्त पंच राहू द्या म्हणाले, अजूनही नवा माल ठिपक्यांवर खपेल. मिस्तरींनी खिळ्याचा पंच घेतला, सहाणेच्या चाकावर जाऊन त्याचं तोंड सपाट होईपर्यंत घासलं आणि तो सेठच्या गादीवर ठेवून दिला. निघताना ते माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले की पंच खिळ्याला ठेवून घरी जायला नको होतं, तेवढं आपलं चुकलं.

पुढे मुंबईहून काट्याचं यंत्र आलं. भट्टी किती तापली ते काटा दाखवायचा, रंगाची गरज उरली नाही. खिडक्या उघड्या राहिल्या, हातमोजे आले, धुराला चिमणी लागली. माणसं पूर्वीसारखी कोसळत नव्हती. कारखाने तपासणारे साहेब दरवर्षी माझी पाठ थोपटायचे आणि चार वर्षांनी सेठनी मला मॅनेजर केलं. मिस्तरी भावाच्या गादी-रजयांच्या दुकानात कापूस मोकळा करायला बसायचे. त्या कामाला नजर लागत नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो.

मला एकच गोष्ट कळायला वेळ लागला. मिस्तरींना आता गावात आंधळं राहणं भाग होतं. त्यांना चांगलं दिसतंय हे कुणाच्या लक्षात आलं असतं, तर मग ते पाटे कसे बिघडले हा प्रश्न उठला असता आणि तो फिरून माझ्या दारात आला असता. म्हणून तो माणूस चांगले डोळे असून काठी टेकत चालायचा. ओळखीचे लोक हात धरून रस्ता ओलांडून द्यायचे आणि तो देऊ द्यायचा. हे त्यांनी माझ्यासाठी केलं, की म्हसावदला चाळीस माणसांपुढे दिलेला शब्द खोटा पडू नये म्हणून केलं, ते मला सांगता येत नाही. मला वाटतं, त्यात माझा वाटा फार मोठा नव्हताच.

एकदा रेल्वे फाटकापाशी ते मला दिसले. सुरत लाईनची मालगाडी नुकतीच गेली होती. फाटक उघडलं आणि पलीकडून एक हमाल त्यांचा हात धरून त्यांना घेऊन येत होता. आमच्यात वीस पावलांचं अंतर असेल. मिस्तरींनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. भट्टीच्या तोंडात पाहायचे तसं, न हलता पाहिलं. मी जागच्या जागी उभा राहिलो. पुढे होऊन पाय धरावेत असं फार वाटलं, इतकं की हात खरंच पुढे झाले.

हमालही मला ओळखत होता. तो मिस्तरींच्या कानाशी वाकून म्हणाला, "मिस्तरी, कारखानाना मॅनेजर हुभा शे समोर. तुम्हनाकडेच देखी ऱ्हायना."

"व्हई," मिस्तरी माझ्याकडे पाहतच म्हणाले. "माले कोठे दिखस? चाल तू."

आणि त्याच्या हाताला धरून ते माझ्या अंगावरून पुढे गेले.